इंटरनेट कारभाराच्या निवडणुकांतील उमेदवारांच्या आघाड्या : पार्श्वभूमी

इंटरनेटवरील नावे आणि क्रमांक यांचा कारभार पाहणाऱ्या संस्थांच्या निवडणुकीत दोन-चार उमेदवार एकत्र आले की ‘पॅनेल उभे केले’ हा आरोप ठरलेला असतो. त्याचे मूळ 2000 सालच्या मार्च ते ऑक्टोबर या महिन्यांत आहे. तेव्हा अशाच एका संस्थेचे, आयकॅनचे (ICANN), संचालक जगभरातील वापरकर्त्यांनी पहिल्यांदाच थेट निवडले.

1998 मध्ये कॅलिफोर्नियात नोंदवलेल्या आयकॅन या ना-नफा संस्थेच्या 19 जणांच्या संचालक मंडळात 9 जागा सर्वसामान्य वापरकर्त्यांसाठी होत्या. त्या जागांवर सुरुवातीला नेमलेली मंडळीच बसली होती. मूळ आराखडा असा, की वापरकर्त्यांनी 18 जणांची परिषद निवडायची आणि संचालक त्या परिषदेने ठरवायचे. मार्च 2000 मधील कैरोच्या बैठकीत हा आराखडा मागे पडला. थेट मतदान मान्य झाले, पण 9 ऐवजी 5 जागांसाठीच, जगाच्या प्रत्येक विभागातून एक. उरलेल्या चार जागांवरचे नियुक्त सदस्य तसेच राहिले. कैरोचा निर्णय अनेकदा लोकशाहीचा विजय म्हणून सांगितला जातो. तो अर्धाच विजय होता, आणि आघाड्यांचे पुढचे सगळे गणित या अर्धेपणातून आले.

परिषद असती तर जुळवाजुळव 18 जणांत, बंद दाराआड झाली असती. थेट निवडणुकीने ती उघड्यावर आणली, पण त्याच वेळी तिचे हातही बांधले. मतदाराला फक्त आपल्या विभागात मत देता येत होते. त्यामुळे युरोपातील आणि उत्तर अमेरिकेतील समविचारी उमेदवारांनी एकमेकांना कितीही पाठिंबा दिला, तरी त्यातून एकही मत इकडचे तिकडे होणार नव्हते. विभागात जागा एकच, म्हणजे तिथले दोन समविचारी उमेदवार सहकारी आणि प्रतिस्पर्धीही. देवाणघेवाणीसाठी उरत होती ती फक्त पुढची पसंती.

मतदान पसंतिक्रमाने होते. पहिल्या पसंतीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर तळाचा उमेदवार बाद होऊन त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जात. “मला पहिली पसंती द्या, दुसरी त्यांना” असे उमेदवाराने सांगणे या पद्धतीत पूर्णपणे वैध आहे. उलट मते फुटू नयेत म्हणूनच ही पद्धत आणली जाते. तरीही अशा आवाहनांकडे संशयाने पाहिले गेले, जणू उमेदवाराने आपल्या विचारांच्या जवळचा दुसरा कोण हे सांगणे म्हणजे मतदाराची फसवणूक. माझ्या मते झाले ते नेमके उलटे: कोण कोणाच्या जवळ आहे हे मतदाराला आधीच कळले.

निकाल पाहिले की आरोपाचे वजन आणखी कमी होते. आशिया-पॅसिफिकमध्ये 17,745 मते पडली आणि विजयी उमेदवाराला 13,913 मिळाली. युरोपात 11,309 पैकी 5,948. आफ्रिकेत एकूण 130 मतांपैकी 67. या सर्व ठिकाणी पहिल्या मोजणीतच बहुमत झाले, पुढच्या पसंतीला काही कामच उरले नाही. लॅटिन अमेरिकेतही तसेच. फक्त उत्तर अमेरिकेत 3,449 मतांची फेऱ्यांमागून फेऱ्या मोजणी करावी लागली आणि 1,738 मतांवर संस्थेचा एक कठोर टीकाकार निवडून आला. म्हणजे उमेदवारांमधील समझोत्याचा निकालावर परिणाम होऊ शकला असता, तो पाचपैकी एकाच विभागात.

खरे एकगठ्ठा मतदान आधीच ठरले होते, नोंदणीच्या वेळी. नोंदणी केलेल्या दीड लाखांहून अधिक लोकांपैकी 76,183 जणांनी टपालाने आलेला क्रमांक वापरून सदस्यत्व पक्के केले आणि 34,035 जणांनी मत दिले. जपानमध्ये कंपन्यांनी, जर्मनीत माध्यमांनी नोंदणीच्या मोहिमा चालवल्या. ही देशनिहाय जमवाजमव होती आणि ती उमेदवारांच्या आघाडीपेक्षा कितीतरी प्रभावी ठरली. तिला आळा घालण्यासाठी एक अट होती. नामांकन समितीने उभ्या केलेल्या 18 जणांखेरीज कोणाला यायचे असेल, तर विभागातील 2 टक्के सदस्यांचा किंवा किमान 20 जणांचा पाठिंबा हवा आणि तो एकाहून अधिक देशांतून हवा. या वाटेने 9 जण आले. उत्तर अमेरिका आणि युरोपचे विजयी उमेदवार याच नऊ जणांतले. समितीने वगळलेले लोक मतदारांनी निवडले, हे संस्थेला जड गेले असणार.

पुढचा भाग थोडक्यात. नोव्हेंबर 2001 मध्ये आयकॅनच्या अभ्यास समितीने डोमेन नावे (संकेतस्थळांची नावे) घेतलेल्यांकडून 6 संचालक निवडावेत असे सुचवले. मार्च 2002 मध्ये घानातील अक्रा येथे मंडळाने थेट निवडणुकीचा मार्ग सोडला. निवडणुकीवर कोणी कब्जा करेल ही भीती त्यामागच्या कारणांत होती. वर्षअखेरीस नवे उपविधी आले, 2003 मध्ये पाचही निर्वाचितांची मुदत संपली आणि बहुतेक जागा नामांकन समितीकडे गेल्या. वापरकर्त्यांच्या संघटनांना एक संचालक निवडण्याचा अधिकार मिळायला 2010 उजाडले.

आघाड्यांचा प्रश्न मग आयपी पत्ते (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांचे क्रमांक) वाटणाऱ्या विभागीय संस्थांत गेला आणि तिथे त्याचे स्वरूप बदलले. ब्रिस्बेनमधील एपनिक (APNIC) या आशिया-पॅसिफिकच्या संस्थेत मत माणशी नसते. सदस्य कंपनीच्या आकारानुसार ते 1 पासून 64 पर्यंत असते, त्यामुळे मोजक्या मोठ्या सदस्यांची एकजूटही जड पडते. 2023 मध्ये तिथे एका गटाने चार जागांसाठी चार जणांची यादी पुढे केली. प्रचाराच्या पद्धतींबद्दल तक्रारी आल्या, यादीतील कोणी निवडून आले नाही आणि त्याच वर्षी सदस्यांच्या मतदानाने उपविधी कडक झाले.

मॉरिशसमधील आफ्रिनिक (AFRINIC) या आफ्रिकी संस्थेत वाद उमेदवारांपेक्षा मतांच्या मालकीचा झाला. जून 2025 मध्ये एका मुखत्यारपत्रावरून मतदान थांबले आणि निवडणूक रद्द झाली. सप्टेंबरमध्ये ती पुन्हा झाली. या वेळी आठ संचालक, म्हणजे मंडळातील निवडून द्यायचे सगळेच, एकाच फटक्यात निवडायचे होते. एका जागेसाठी पुढची पसंती मागण्यापेक्षा हे फार वेगळे आहे. आठ जागा असतील तर यादी सबंध मंडळच घेऊ शकते. म्हणून ती कोणी बनवली आणि त्यांच्याकडे कोणाकोणाची मुखत्यारपत्रे आहेत, हे मतदानाआधी जाहीर व्हायला हवे.