एस्थर बेजारानो : न येणाऱ्या अकॉर्डियनपासून रॅपपर्यंत

हॉलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेल्या ज्यू गायिका म्हणून एस्थर बेजारानो यांचं नाव घेतलं जातं. पण आउश्वित्झ या नाझींच्या मृत्युछावणीत त्यांचा जीव वाचला तो गळ्यामुळे नव्हे, तर धड न येणाऱ्या एका वाद्यामुळे.

जन्म 1924 चा, जर्मनीच्या सीमेवरच्या सारलुई गावातला. माहेरचं आडनाव लोएवी. वडील सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, प्रार्थना गाणारे, आपल्याकडचे बेने इस्रायली ज्यांना हझान म्हणतात ते. त्यामुळे घरात संगीत होतंच, आणि एस्थर पियानो शिकल्या. नोव्हेंबर 1941 मध्ये लिथुआनियातल्या कौनासजवळ आईवडिलांना गोळ्या घालण्यात आल्या. मुलीला ते कळलं फार उशिरा.

एप्रिल 1943 मध्ये त्यांना आउश्वित्झला नेलं. सुरुवातीचं काम दगड वाहायचं. त्या कामावर फार दिवस तग धरणं अशक्य होतं. तेवढ्यात बायकांचा वाद्यवृंद उभा राहतोय असं कळलं. पियानो नव्हता. अकॉर्डियन येतं का, असं विचारल्यावर त्यांनी बेधडक ‘हो’ म्हटलं. उजव्या हाताच्या पट्ट्या पियानोसारख्याच, पण डाव्या हाताच्या बटणांची काहीच माहिती नव्हती. कानावर भरवसा ठेवून त्यांनी सूर शोधले आणि त्यांची निवड झाली.

पुढचं काम भयंकर होतं. कैद्यांच्या तुकड्या कामाला निघताना आणि परतताना वाजवायचं. गाड्या भरून माणसं यायची तेव्हाही वाजवायचं. जिथे संगीत वाजतंय तिथे फार वाईट काही नसेल, असं वाटून आलेले लोक हात हलवायचे. ते कुठे चाललेत हे वाजवणाऱ्यांना ठाऊक असे. बेजारानो यांनी हा प्रसंग पुढे आयुष्यभर सांगितला.

एक आजी ख्रिश्चन, त्यामुळे नाझींच्या हिशेबात त्या पूर्ण ज्यू नव्हत्या; म्हणून त्याच वर्षी त्यांची रवानगी राव्हेन्सब्रुक छावणीत झाली. 1945 मध्ये कैद्यांना पायी हाकत नेलं जात असताना त्या मैत्रिणींसह निसटल्या. जर्मनीतल्या ल्युब्त्स गावच्या चौकात दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी हिटलरचं चित्र जाळलं तेव्हा अकॉर्डियन पुन्हा त्यांच्या हातात होतं, या खेपेला मर्जीने.

गाण्याचं शिक्षण त्यांनी घेतलं ते यानंतर, पॅलेस्टाइनमध्ये. 1960 मध्ये नवरा आणि मुलांसह त्या हॅम्बुर्गला आल्या. तिथे कपड्यांचं दुकान चालवलं, आणि छावणीबद्दल बरीच वर्षं गप्पच राहिल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दुकानासमोरच अतिउजव्या एनपीडी पक्षाने प्रचाराचा स्टॉल लावला. पोलीस संरक्षण देत होते स्टॉलवाल्यांना! तिथून त्या बोलू लागल्या. 1986 मध्ये त्यांनी इतरांसोबत छावणीच्या आठवणी जागत्या ठेवणारी आउश्वित्झ समिती स्थापन केली. स्वतःच्या मुलांबरोबर यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आणि नाझीविरोधी गाणी गायल्या. पुढे ऐंशी ओलांडल्यावर ‘मायक्रोफोन माफिया’ या कोलोनच्या रॅप गटाबरोबर त्या मंचावर उभ्या राहिल्या. शाळकरी पोरांपर्यंत पोचायला हा मार्ग भाषणांपेक्षा सरस होता, असं मला वाटतं.

नाझी राजवट संपली तो 8 मे जर्मनीत कायमचा सुट्टीचा दिवस व्हावा, असं पत्र त्यांनी 2020 मध्ये सरकारला लिहिलं. 10 जुलै 2021 रोजी, 96 व्या वर्षी त्या गेल्या तेव्हा ती मागणी देशपातळीवर मान्य झालेली नव्हती.