हडपसरचे ग्लायडिंग सेंटर

पुण्याच्या हडपसर उपनगरातील ग्लायडर उड्डाणाचा तळ. गाडीतळावरून सासवड रस्त्याला लागले की सातववाडीच्या बाजूला इमारतींच्या दाटीत एकाएकी मोकळे माळरान दिसते, तेच हे. पुणेकर त्याला नुसते ‘ग्लायडिंग सेंटर’ म्हणतात. तळ शहरात असला तरी महापालिकेचा नाही. मालकी केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची. अमेरिकेत लहानसहान शहरेही स्वतःचा छोटा विमानतळ बाळगतात, आपल्याकडे ती रीत रुजली नाही. पुण्याचा प्रवासी विमानतळसुद्धा लोहगावच्या हवाई दलाच्या तळावर बिऱ्हाडकरूसारखाच नांदतो.

ग्लायडरला इंजिन नसते. मैदानाच्या एका टोकाला विंच, दुसऱ्या टोकाला ग्लायडर आणि मध्ये गवतावर पसरलेली लांबलचक केबल. उभ्या ग्लायडरचा एक पंख जमिनीला टेकलेला असतो. मदतनीस तो उचलून समतल धरतो, विंच केबल गुंडाळू लागली की चार पावले सोबत धावतो आणि सोडून देतो. मग पतंगाला ढील न देता खेचावे तसा ग्लायडर नाक वर करून चढतो. सुमारे ३०० मीटरवर वैमानिक केबल सोडतो. ती टोकाच्या छोट्या पॅराशूटसह खाली येते.

तिथून पुढे सारा हिशेब उंचीचा. साधा शिकाऊ ग्लायडर स्थिर हवेत १ किलोमीटर उंची खर्चून २० किलोमीटरच्या आसपास जातो. विंचने मिळालेली उंची मात्र पाच-सात मिनिटांतच संपते. जास्त वेळ राहायचे तर उन्हाने तापून वर उठणारी हवा गाठावी लागते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण घारीला बरोबर सापडते. पंख न हलवता गोल फिरणारी घार दिसली की वैमानिक तिकडे वळतो. समोरच्या काचेवर लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत राहिला तर ग्लायडर नीट चाललाय, तिरका झाला तर शेपटीचे सुकाणू फिरवणारा पाय चुकतोय. एवढ्या स्वस्तात इतके खरे बोलणारे उपकरण दुसरे नसेल. उतरताना चुकले तर पुन्हा वर उठायची सोय नाही, म्हणून पट्टीवर कोणी आडवे येणार नाही याची खबरदारी आधीच घ्यावी लागते. लोहगाव आठ-दहा किलोमीटरवरच असल्याने त्यांच्याशी समन्वयही राखावा लागतो.

नागरी विमान वाहतूक खात्याने देशातच ग्लायडर घडवले आणि त्यांतल्या बहुतेकांना नक्षत्रांची नावे दिली: अश्विनी (१९५८), रोहिणी (१९६१), पुढे कार्तिक, भरणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणीत शिकवणारा आणि शिकणारा शेजारी-शेजारी बसत. नावे देणाऱ्याला पंचांग ठाऊक असणार, पण शेतीचे नसावे; कारण मृगाचा पाऊस लागला की गवताच्या पट्टीवर चिखल होतो आणि मृगशीर काय, आर्द्रा काय, सगळ्यांनाच हँगरमध्ये बसावे लागते.