चपलेचा घर-कारखाना (अथणी व निपाणी परिसर)

कारागीर ज्या घरात राहतो त्याच घराच्या सोप्यात (ओसरीत) किंवा परसात त्याचा माल घडत असेल, तर त्या जागेला घर-कारखाना म्हणता येते. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात अथणी, मदभावी, निपाणी आणि आसपासच्या गावांत कोल्हापुरी चप्पल अजूनही प्रामुख्याने अशा घरांतच तयार होते. प्रस्तुत नोंद या घरांची रचना, तिथले काम आणि तिथे दिली जाणारी भेट यांविषयी आहे.

उंची वस्तू घडवणाऱ्याचे घर पाहायला जाणे ही प्रथा युरोपात प्रतिष्ठा पावलेली आहे. पेट्या बनवणारे लुई व्हितॉँ यांनी १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दुकान काढले आणि १८५९ मध्ये शहराच्या वायव्येस, सेन नदीकाठच्या आनिएर येथे कारखाना हलवला. कारखान्याला लागूनच कुटुंबाचे राहते घर उभे राहिले, आणि १८९२ मध्ये त्यांचे निधनही तिथेच झाले. रंगीत काचांच्या खिडक्यांचे ते घर आज जपून ठेवले आहे, शेजारच्या कारखान्यात खास मागणीच्या पेट्या अजून बनतात, आणि पाहुण्याला आत जायचे तर बहुधा निमंत्रण लागते. तिथे घराने मालाला नाव दिले. अथणीत नेमके उलटे घडले आहे : घर आहे, हात आहेत, माल आहे, पण नाव ऐंशी किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या दुसऱ्याच शहराचे आहे.

याचे कारण बाजारपेठेत सापडते. अथणीचा माल पूर्वापार कोल्हापूरच्या दुकानांतून विकला गेला, आणि गिऱ्हाइकाने जिथे विकत घेतला त्या गावाचे नाव मालाला चिकटले. कापशीसारख्या काही प्रकारांना गावाचे नाव मिळाले, अथणीच्या वाट्याला तेवढेही फारसे आले नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तरी चपलेची वाट बदलली नाही. पुढे २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे, लिडकॉम व लिडकर, या मानांकनाची संयुक्त धारक आहेत. सीमाभागासंबंधी दोन्ही राज्यांच्या सह्या एकाच कागदावर असण्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

हे काम करणारी बहुतेक कुटुंबे चर्मकार समाजाची आहेत. कन्नडमध्ये त्यांना समगार म्हणतात. कातडे कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे होते. अनेक घरांत मराठी आणि कन्नड दोन्ही बोलल्या जातात, आणि भिंतीवरच्या तसबिरींत संत रोहिदासांच्या बरोबरीने शरण (बसवण्णांचे अनुयायी) हरळय्याही दिसू शकतात. बाराव्या शतकात कल्याणमध्ये (आजच्या बसवकल्याणात) बसवण्णांनी हरळय्यांच्या नमस्काराला दुप्पट नमस्काराने उत्तर दिले, हे ऋण फिटावे म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी आपल्या मांडीच्या कातड्याचे जोडे बनवले, आणि बसवण्णांनी ते पायात न घालता मस्तकी धरले, अशी कथा सांगितली जाते. पाहुण्याने ही कथा ठाऊक ठेवून जावे, कारण या घरांत पायताण ही वस्तू हलकी समजली जात नाही. तरीही उंबऱ्याबाहेर आपली चप्पल काढूनच आत जायचे असते.

आत गेल्यावर प्रथम जाणवतो तो वास. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या चामड्याचा हा तुरट, ओलसर वास रसायनांत कमावलेल्या चामड्याहून वेगळा असतो. जुन्या पद्धतीत चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात साल व हिरड्याचे पाणी भरून ते टांगून ठेवत, आणि पाणी झिरपत झिरपत कातडे मुरत असे. आता बहुतेक घरे कमावलेले चामडे विकतच आणतात. तळासाठी म्हशीचे जाड चामडे लागते, तर वेणीसाठी शेळीचे पातळ चामडे वापरतात.

सोप्यात काम करणारा माणूस जमिनीवर मांडी घालून बसतो. भिजवून मऊ केलेले चामडे तो समोर घेतो, त्यावर पुठ्ठ्याचा फर्मा ठेवून रेघ ओढतो आणि रापीने कापत जातो. रापी रेघेवर एकदा टेकली की सहसा उचलली जात नाही. हात जागीच राहतो आणि चामडे फिरते. कापलेले थर एकावर एक ठेवून ठोकले जातात, दोन्ही बाजूंना ‘कान’ बसतात, त्यांना जोडणारा पट्टा येतो, आणि पुढे ‘अंगठा’, म्हणजे पायाचा अंगठा अडकवायची कडी. मग आरीने भोक पाडून चामड्याच्याच बारीक वादीने तळ शिवला जातो. अस्सल चपलेत खिळा नसतो, आणि तपासायचे झाल्यास चप्पल उलटी करून वादीचे टाके पाहावेत. चालताना करकर वाजणारी चप्पल हवी असल्यास तळाच्या थरांमध्ये बिया घालण्याची रीत आहे. हा आवाज पूर्वी रुबाबाचा भाग होता.

वेणी मात्र बहुधा आतल्या बाजूला बसलेल्या बायकांच्या हातची असते. चामड्याच्या दोऱ्यासारख्या पट्ट्या कापून त्यांची वेणी घालणे, पट्ट्यावर नक्षी शिवणे ही कामे त्यांच्याकडे असतात, आणि चपलेचा देखणेपणा मुख्यतः इथेच ठरतो. असे असूनही धंद्यात कारागीर म्हटले की पुरुषच समजला जाई. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अथणीत उभ्या राहिलेल्या ‘टो-होल्ड’ या कारागीर संघटनेने स्त्रियांचे बचतगट बांधून हा हिशेब काहीसा बदलला आणि माल थेट परदेशी पाठवला. ही गोष्ट जितकी माहीत व्हायला हवी तितकी झालेली नाही.

त्या मानाने प्रादा प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारखी पायताणे उगमाचा उल्लेख न करता दाखवली. टीका झाल्यावर कंपनीने प्रेरणा मान्य केली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम व लिडकर यांच्याशी करार करून दोन्ही राज्यांत २,००० जोड बनवून घेण्याचे जाहीर केले. किंमत ठरली सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांहून अधिक. साधा कोल्हापुरी जोड काही शे रुपयांपासून मिळतो.

भेटीसाठी हिवाळा व उन्हाळा हे योग्य ऋतू होत. पावसाळ्यात चामडे वाळत नाही, मागणीही मंदावते, आणि अनेक घरांतील सोपे रिकामे असतात. कामाचे छायाचित्र विचारूनच घ्यावे. जोड बनवून घ्यायचा असल्यास पाय कागदावर ठेवायला सांगतात आणि भोवती पेन्सिल फिरवतात. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून दोन्हींचे माप घेतले जाते. नवी चप्पल पहिले काही दिवस चावते. तिला तेल लावून आधी घरातल्या घरात थोडा वेळ घालावी, म्हणजे चामडे सैल पडते आणि अंगठ्याला पायाचा आकार येतो. पुढच्या वेळी माप द्यावे लागत नाही, कारण पायाची बाह्यरेषा असलेला कागद, गिऱ्हाइकाचे नाव लिहून, घरात जपून ठेवलेला असतो. चपलेवर मात्र करणाऱ्याचे नाव कुठेही नसते.