मार्कर उतरला म्हणजे किडनी वाचली असं नव्हे

मधुमेहात आणि वाढत्या वयात ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो, फ्री रॅडिकल्स (झटकन प्रतिक्रिया करणारे अस्थिर रेणू) पेशींना इजा करतात आणि क, ई ही जीवनसत्त्वं त्यांना आवर घालतात. इथवर बहुतेकांना पाठ असतं. क पाण्यात विरघळतं आणि ई चरबीत, हेही सगळ्यांना माहीत असतं. घोटाळा होतो तो पुढच्या पायरीवर. रक्तातला ताणाचा मार्कर (ताण दाखवणारा आकडा) कमी होणं आणि अवयवाची हानी थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तरी लेखांमागून लेखांत त्या एकच समजून लिहिल्या जातात.

मार्कर म्हणजे एमडीए, आयसोप्रोस्टेन (दोन्ही चरबी खराब झाल्यावर तयार होणारे पदार्थ) किंवा ‘टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी’ (रॅडिकल्स शमवण्याची रक्ताची एकूण क्षमता). अवयवाची हानी मोजायची तर ईजीएफआर (किडनीची गाळण्याची अंदाजित क्षमता) किती वेगाने घसरला, डायलिसिस लागलं का, डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत काय बदललं, हृदयविकाराचा झटका आला का, हे बघावं लागतं. लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) हाही तसा मार्करच, पण निदान किडनीतून येणारा.

‘टोटल कपॅसिटी’चंच घ्या. रक्तातल्या या आकड्याचा मोठा वाटा युरिक अ‍ॅसिडचा असतो. किडनी निकामी होऊ लागली की युरिक अ‍ॅसिड साठतं आणि आकडा वाढतो. म्हणजे किडनी बिघडत असताना अहवालात ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ सुधारलेली दिसू शकते! एमडीए मोजायची स्वस्त टीबार्स चाचणीही काटेकोर नाही. तिच्यात रंगावरून आकडा काढतात, आणि साखरेसारखे इतर पदार्थही रंग देतात.

माणसांवरच्या मोठ्या चाचण्यांत ही फारकत स्पष्ट दिसली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या हार्ट प्रोटेक्शन स्टडीत सुमारे २०,५०० जण होते, त्यांतले जवळपास ६,००० मधुमेही. रोज ई ६०० मिलिग्रॅम, क २५० मिलिग्रॅम आणि बीटा कॅरोटीन २० मिलिग्रॅम, अशी ५ वर्षं. रक्तातलं ई जवळपास दुप्पट झालं, म्हणजे गोळी अंगी लागली होती. झटके, पक्षाघात आणि मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. डिव्हाइन चाचणी (२०१०) ब जीवनसत्त्वांची होती, पण धडा तोच आणि जास्त कडक. मधुमेहाने किडनी बाधित झालेल्यांना फॉलिक अ‍ॅसिड, बी६ आणि बी१२ चे मोठे डोस दिले. होमोसिस्टीन (या जीवनसत्त्वांनी कमी होणारा रक्तातला मार्कर) ठरल्याप्रमाणे उतरलं, पण किडनीची गाळण्याची क्षमता डमी गोळीवाल्यांपेक्षा जास्त वेगाने घटली.

असं का होतं? क किंवा ई चा एक रेणू एक-दोन रॅडिकल्स शमवतो आणि स्वतः खर्ची पडतो. शरीरातली सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी एन्झाइम्स तेच काम न संपता करत राहतात. शिवाय जास्त साखरेमुळे सुपरऑक्साइड हे रॅडिकल मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) आत तयार होतं आणि साखर चढलेली असेपर्यंत होतच राहतं. ई तर पेशीच्या पडद्यात बसून चरबीचं खराब होणं रोखतं, म्हणजे बऱ्याच उशिराच्या टप्प्यावर.

उंदरांवरचे निकाल वाचताना एक गोष्ट आधी तपासा: अँटिऑक्सिडंट दिलेल्या आणि न दिलेल्या दोन्ही गटांत साखर सारखी होती का? अ‍ॅलोक्सान हे उंदरांत मधुमेह घडवायला वापरायचं रसायन स्वादुपिंडाच्या पेशी मारतं तेच मुळी रॅडिकल्समधून. अँटिऑक्सिडंट आधी दिलं तर मधुमेहच सौम्य होतो, आणि श्रेय मिळतं ‘किडनी वाचवल्याचं’. हा दोष असलेले शोधनिबंध माणसांसाठी पुरावा म्हणून फिरवणं थांबायलाच हवं.

उलट उदाहरणही आहे. वयोमानाने मॅक्युला (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग) झिजण्याच्या आजारात आरेड्स चाचणीने (२००१) थेट पडदा आणि दृष्टी तपासली. मध्यम टप्प्यातल्या किंवा एका डोळ्यात आजार पुढे गेलेल्या रुग्णांत क ५०० मिलिग्रॅम, ई ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक), बीटा कॅरोटीन, झिंक आणि तांबं यांच्या मिश्रणाने ५ वर्षांत पुढच्या टप्प्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी घटला. पण ही गोळी डायबेटिक रेटिनोपथीवरची (मधुमेहाने पडद्याला होणाऱ्या इजेवरची) नाही. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून मधुमेह्यांना सरसकट देणं चूक आहे. आणि धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा कॅरोटीन टाळावं: फिनलंडमधल्या चाचणीत त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग वाढला होता.

पाय बधिर होत असतील आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध बरीच वर्षं चालू असेल, तर ई ची बाटली आणण्याआधी बी१२ तपासून घ्या. ते औषध बी१२ कमी करतं आणि ती कमतरता भरून निघते. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू असेल तर ई चे मोठे डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, रक्तस्राव वाढू शकतो. क रोज ग्रॅमच्या हिशेबात घेणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी ते सांगावं: लघवीच्या पट्टीवर साखर असूनही नसल्यासारखी दिसू शकते, आणि शिरेतून मोठा डोस दिला असेल तर काही ग्लुकोमीटर खरी साखर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतात.