मांजरांतील अस्थिमज्जेचा कर्करोग

हाडांच्या पोकळीतील, रक्त तयार करणाऱ्या मज्जेत होणारा कर्करोग. ल्युकेमियाचे (रक्ताच्या कर्करोगाचे) तीव्र व जुनाट प्रकार आणि मल्टिपल मायलोमा (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) हे त्यातले मुख्य. यामागे अनेकदा फेलाइन ल्युकेमिया विषाणू असतो. तो १९६४ मध्ये विल्यम जॅरेट यांना ग्लासगोत सापडला. हा विषाणू लाळेतून पसरतो. पुण्यात पेठांतल्या वाड्यांपासून उपनगरांतल्या सोसायट्यांपर्यंत दिवसभर बाहेर भटकून जेवायला घरी येणारी मांजरे पुष्कळ. मांजरांना नेहमी देतात ती तीन रोगांवरची ट्रायकॅट लस या विषाणूवर चालत नाही, त्यामुळे नवे पिल्लू घरातल्या मांजरांत सोडण्याआधी त्याची रक्तचाचणी करावीच.

या कर्करोगात मांजर खात नाही, वाळत जाते, हिरड्या पांढुरक्या पडतात, ताप येत-जात राहतो. घरातली पॅरासिटामॉल मात्र चुकूनही देऊ नये, मांजराला ती जीवघेणी ठरते. पांढरी हिरडी दिसली की कर्करोगच, असेही नाही. पिसवांचा सुळसुळाट किंवा रक्तातला मायकोप्लाझ्मा हा जंतू यांनीही मोठा रक्तक्षय होतो आणि मायकोप्लाझ्मा डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने आटोक्यात येतो. म्हणून रक्ताची काचपट्टी जाणकाराने सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक. नुसत्या रक्तपेशी मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांवर विसंबू नये.

संशय उरला तर मज्जा काढतात. भूल देऊन पुढच्या पायाच्या वरच्या हाडावरचे केस भादरतात आणि जाड सुई फिरवत फिरवत हाडात उतरवतात. सिरिंजमध्ये लालसर द्रव येताच तो काचेवर पसरावा लागतो, कारण मज्जा लगेच गोठते. चांगल्या नमुन्यात बारीक, चमकदार कण दिसतात. याआधी ‘तरतरी येईल’ म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू करणे घातक: कर्कपेशी तात्पुरत्या दबतात, निदान हुकते आणि पुढच्या केमोथेरपीला रोग नीट दाद देत नाही.

उपचार प्रकारावर ठरतात. जुनाट लिम्फोसाइटिक ल्युकेमियात (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या) क्लोरॅम्ब्युसिल हे केमोचे औषध व प्रेडनिसोलोन, मायलोमात मेलफॅलन हे केमोचेच औषध व प्रेडनिसोलोन देतात. अनेक मांजरे यावर बराच काळ बरी राहतात. तीव्र ल्युकेमियात आशा थोडी असते, आणि डॉक्टरांनी ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावे. माणसांच्या केमोथेरपीत वापरले जाणारे सिस्प्लॅटिन मांजरांना मुळीच चालत नाही.

खरी धावपळ रक्तक्षय झालेल्या मांजराला द्यायच्या रक्तासाठी होते. मांजरांत ए, बी व एबी गट असतात आणि सर्वांना चालेल असा दाता नसतो. बी गटाच्या मांजराला ए गटाचे रक्त दिले तर पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. त्यामुळे गट तपासून, विषाणूमुक्त, धष्टपुष्ट बोका ओळखीपाळखीत आधीच हेरून ठेवावा.

केमोच्या गोळ्या तोडू नयेत. त्या देताना आणि मांजराची मातीची पेटी साफ करताना हातमोजे घालावेत. घरात गरोदर बाई असेल तर ही कामे दुसऱ्याने करावीत.