ज्युनिअर युरोव्हिजनचा अर्ज: यजमान शहराला पाठवू नका, पण तिथली तारीख नीट बघा

ज्युनिअर युरोव्हिजन म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या मुलांची गाण्याची स्पर्धा. तिच्या अर्जात युरोपात राहणारे मराठी पालक एक चूक पुन्हा पुन्हा करतात. स्पर्धा माद्रिदला आहे म्हटलं की स्पेनच्या वाहिनीला ईमेल, तिबिलिसीला आहे म्हटलं की जॉर्जियाच्या. मुलानं महिनाभर घासून बसवलेलं गाणं चुकीच्या दारात पडून राहतं आणि तोवर आपल्या देशातली मुदत निघून जाते.

यजमान शहर फक्त सोहळा भरवतं. स्पर्धक पाठवते ती तुमच्या देशातली, युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन या सार्वजनिक वाहिन्यांच्या संघाशी जोडलेली वाहिनी. आयर्लंडमध्ये टीजी४, स्पेनमध्ये आरटीव्हीई. कुठे खुली चाचणी असते, कुठे वाहिनी स्वतःच कलाकार ठरवते, आणि तिथे मग भरायला अर्जच नसतो. देश यंदा उतरणार आहे का, हेही आधी विचारा. ब्रिटन २०२२ आणि २०२३ ला होता, २०२४ ला नव्हता. भारत या स्पर्धेत कधीच उतरलेला नाही, त्यामुळे तिथल्या भाच्या-पुतण्यांसाठी इथून काही करता येत नाही.

आता वय. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. वयाची अट ९ ते १४ वर्षं अशी आहे, आणि हे वय अर्जाच्या दिवशीचं धरत नाहीत, अंतिम फेरीच्या दिवशीचं धरतात. ती फेरी दरवर्षी एकाच सुमाराला नसते. २०२१ ला पॅरिसला १९ डिसेंबर, २०२२ ला येरेवानला ११ डिसेंबर, २०२३ ला नीसला २६ नोव्हेंबर, २०२४ ला माद्रिदला १६ नोव्हेंबर, २०२५ ला तिबिलिसीला १३ डिसेंबर. समजा मुलीचा वाढदिवस ३० नोव्हेंबरचा. २००९ ची असती तर माद्रिदच्या दिवशी चौदाचीच होती, चालली असती. २०१० ची असेल तर तिबिलिसीच्या दिवशी पंधरा पूर्ण, म्हणजे बाद. गळ्यात काही कमी नव्हतं, तेरा दिवसांनी संधी गेली. फॉर्मवर ही ओळ इतकी बारीक का छापतात, कळत नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरात जन्मलेल्या मुलांच्या पालकांनी तारीख जाहीर झाल्याशिवाय मुलाला शब्द देऊ नये.

‘मागच्या वर्षी जो जिंकला तिथेच यंदा असणार’ असं धरून तारखेचा आणि प्रवासाचा अंदाज बांधू नका. २०१४ ला इटली जिंकली, पण २०१५ ची स्पर्धा बल्गेरियात सोफियाला झाली. २०२३ ला फ्रान्स जिंकला, पुढची स्पर्धा माद्रिदला काहा माहिका या क्रीडासंकुलात. २००४ ला तर आधी ब्रिटन, मग क्रोएशिया आणि शेवटी नॉर्वेतलं लिलहॅमर अशी जागा फिरली. ‘पॅरिस २०२१’ सुद्धा प्रत्यक्षात पॅरिसला लागून असलेल्या बुलोन-बियांकूरमधल्या ला सेन म्युझिकाल सभागृहात होती. मुलाबरोबर जाणाऱ्यांनी हॉटेल घेताना शहराचं नाव न बघता सभागृहाचा पत्ता बघावा.

गाण्याबद्दल थोडक्यात: नवं हवं, तीन मिनिटांच्या आत हवं, आवाज मंचावर प्रत्यक्ष लागतो. बहुतांश शब्द त्या देशाच्या भाषेतले लागतात. टीजी४ कडून जाणारी गाणी आयरिश भाषेत असतात, तेव्हा डब्लिनमधल्या मुलाला फक्त इंग्रजी येत असेल तर तयारी आधीच सुरू करा.

कागदपत्रांत वयाचा पुरावा आणि पालकांची लेखी संमती धरूनच चाला. दोघांच्या सह्या मागितल्या असतील आणि एक जण भारतात असेल, तर सही शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. पासपोर्टवरचं आणि जन्मदाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, आणि समोरच्या माणसाला ती दोन वेगळी मुलं वाटतात.

मुलाकडे भारतीय पासपोर्ट असेल तर आणखी एक गोष्ट. माद्रिद, नीस शेंगेनमध्ये आहेत. तिबिलिसी, येरेवान बाहेर. शेंगेन देशात राहत असाल आणि बाहेर जायचं असेल, तर परत येताना मुलाचं निवास-कार्ड चालू असावं लागतं. कार्डामागची शेवटची तारीख आजच बघून ठेवा. नूतनीकरणाची भेट मिळायलाच काही ठिकाणी महिने लागतात.