वनस्पतींमधली लेक्टिनं: रचना

लेक्टिन म्हणजे साखरेचे ठराविक रेणू ओळखून त्यांना धरून ठेवणारं प्रोटीन. हे एन्झाइम नाही, साखर धरतं पण तिच्यात काही बदल करत नाही, आणि अँटिबॉडीही नाही. 1888 मध्ये स्टिलमार्कने एरंडीच्या बियांचा अर्क रक्तात घालून पाहिला तर लाल पेशींच्या गुठळ्या झाल्या, तिथून हा विषय सुरू झाला. नंतर जॅक बीन या शेंगवर्गीय वेलीच्या बियांमधून समनरने 1919 मध्ये कॉनकॅनाव्हलिन ए, थोडक्यात कॉन-ए, क्रिस्टलच्या रूपात वेगळं काढलं आणि आजही रचना समजावायला सगळे तेच घेतात.

कॉन-एची एक साखळी 237 अमिनो ॲसिडची, आणि त्यात हेलिक्स (साखळीची मळसूत्री गुंडाळी) जवळपास नाहीच, सगळा मामला बीटा शीटचा, म्हणजे साखळीच्या ताणलेल्या पट्ट्या शेजारी शेजारी लागून झालेल्या चादरीचा. मागे सहा पट्ट्यांची सपाट शीट, पुढे सात पट्ट्यांची वाकलेली, वर एक छोटी, याला जेली रोल म्हणतात. साखरेची जागा एका टोकाला, तीसुद्धा उथळ खळगी, खोल खिसा वगैरे काही नाही. मॅनोज किंवा ग्लुकोज तिथे बसलं की त्याच्या 3, 4 आणि 6 नंबरच्या कार्बनवरचे हायड्रॉक्सिल (OH गट) हायड्रोजन बंधांनी पकडले जातात. गॅलॅक्टोजमध्ये 4 नंबरचा हायड्रॉक्सिल उलट्या बाजूला असतो, तेवढ्यानेच ते बसत नाही!

शेजारी एक कॅल्शियम आणि एक मँगनीज असतं. गंमत म्हणजे हे धातू साखरेला हातच लावत नाहीत, ते फक्त आजूबाजूची अमिनो ॲसिडं जागेवर धरतात. 207 आणि 208 नंबरच्या अमिनो ॲसिडांना जोडणारा पेप्टाइड बंध सिस असतो, म्हणजे साखळीचे पुढचे-मागचे भाग त्याच्या एकाच बाजूला (तसा हा प्रकार दुर्मिळच), धातू काढले की तो ट्रान्सकडे, म्हणजे विरुद्ध बाजूंच्या मांडणीकडे वळतो आणि मग साखर काही धरली जात नाही.

एकेक खळगी तशी कमजोरच, सुट्ट्या साखरेवरची पकड फार ढिली. पण न्यूट्रल पीएचला चार साखळ्या एकत्र येतात, चार खळग्या चार दिशांना, त्यामुळे एकच रेणू दोन पेशींना एकदम धरू शकतो आणि गुठळी होते, खरी ताकद या जोडणीत आहे.

कॉन-एची अजून एक भानगड म्हणजे बी पक्व होताना आधीची साखळी मधून कापली जाते आणि मूळची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, म्हणजे जीनमधला क्रम आणि प्रोटीनमधला क्रम जुळतच नाही.

सगळी लेक्टिनं अशीच असतात असं मात्र नाही. एरंडीतल्या रिसिनची साखर धरणारी साखळी बीटा ट्रेफॉइल (तीन पाकळ्यांसारख्या) घडीची, स्नोड्रॉप या फुलझाडाचं लेक्टिन बीटा प्रिझम (तीन शीट त्रिकोणात मांडलेल्या) घडीचं आणि त्याला धातू लागतच नाही. फणसाच्या बियांमधलं जॅकॅलिनही प्रिझमच पण वेगळ्या प्रकारचं, त्याची रचना 1996 मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत उलगडली. त्यात साखळी कापली जाऊन 133 आणि 20 अमिनो ॲसिडचे दोन तुकडे होतात, आणि कापल्यामुळे मोकळं झालेलं पहिलं ग्लायसिनच गॅलॅक्टोजला धरायला कामी येतं. गव्हाच्या अंकुरातलं लेक्टिन तर बीटा शीटच्या भानगडीत फारसं पडतच नाही, 43 अमिनो ॲसिडचे छोटे भाग, प्रत्येकात चार डायसल्फाइड बंध (गंधकाच्या दोन अणूंमधले पक्के दुवे), म्हणून ते उष्णतेलाही बऱ्यापैकी दाद देत नाही.